आधी डावीकडे, मग उजवीकडे

पालेभाजीची एक जुडी निवडून झाली होती आणि दुसरीची नुसती गाठ सुटली होती, तेवढ्यात मिस्त्रींचा फोन वाजला. बायकोच्या मनगटाला पट्टा होता, म्हणून आठवडाभर निवडायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. गाड्यांचे पार्ट सुटे करून ओळीनं मांडायची सवय, त्यामुळे पानंही ते तशीच मांडत. बायको म्हणायची, अहो, भाजी करायचीय, परत जोडायची नाहीये.

फोन सरांच्या पत्नीचा, म्हणजे बाईंचा होता. सर म्हणजे निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. त्यांच्या वडिलांची जुनी गाडी मिस्त्रींनी दोन वर्षं खपून नवीकोरी केली होती. बाई म्हणाल्या, रविवारी गिऱ्हाईक येतंय, गाडी तुमच्याच शेडमध्ये आहे तर जरा पुसून ठेवा. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, सर हल्ली चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरतात. दाढीला न्हावी घरी बोलावतात. आपल्या हातांचा भरवसा राहिला नाही म्हणतात.

सरांच्या डोक्यात ते मिस्त्रींनीच भरवलं होतं.

महिन्यापूर्वी सर तक्रार घेऊन आले होते. ब्रेक दाबला की गाडी आधी डावीकडे ओढते, आणि पाय काढला की थोडा वेळ उजवीकडे. मिस्त्रींनी स्टिअरिंग तपासलं, चाकांची अलाइनमेंट करून आणली, टायरमधली हवा मोजली. सगळं जिथल्या तिथं. मग चार लोकांदेखत हसत म्हणाले, "सर, गाडी काय नकाशा वाचते होय, आधी पश्चिम, मग पूर्व? हात थरथरतात तुमचे. वय झालं." सर ओशाळून हसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून स्वतःच्याच फाटकाचा खांब घासला गेला आणि शेजारी बसलेल्या बाईंचा दंड काळानिळा झाला. सरांनी त्या दिवशी किल्ली मिस्त्रींच्या हातात ठेवली ती ठेवलीच.

भाजी तशीच टाकून मिस्त्री शेडमध्ये गेले. बायकोही मागोमाग आली. पेडल दाबायला कुणीतरी लागणारच होतं. पुढची चाकं जॅकवर उचलली. तिनं ब्रेक दाबला, सोडला. डावं चाक हातानं गरगर फिरलं. उजवं जाम.

"पाय काढलास का?"

"कधीच."

मिस्त्रींनी उजव्या चाकामागचा, हवा काढायचा स्क्रू जरासा ढिला केला. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे ऑइल त्या चाकापर्यंत उशिरा पोचत होतं आणि पोचल्यावर अडकून बसत होतं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. सर शब्दन् शब्द खरं बोलले होते.

चाकाकडे जाणारा रबरी पाईप त्यांनी काढून कापला. बाहेरून तुकतुकीत, आतून फुगून सुईएवढं भोक उरलेलं. पाईप त्यांच्या उस्तादांनी दिलेल्या पत्र्याच्या डब्यातला होता. मूळ बनावटीचा, कागदात गुंडाळलेला, वीस वर्षं जपलेला. तो असताना बाजारातला नवा लावायला मन धजलं नव्हतं. रबर न वापरताही म्हातारं होतं हे ते अख्ख्या जगाला घसा फोडून सांगत, पण उस्तादांच्या डब्याला तेवढी सूट दिली. म्हणून तर तपासताना ब्रेककडे बघितलंही नव्हतं.

गुपचूप नवे पाईप बसवले तर कुणाला पत्ता लागणार नाही, असं ते बायकोला म्हणाले. म्हणताना आवाज स्वतःलाच परका वाटला. रोज सकाळी देवापुढे उभा राहणारा माणूस तो.

बायको गाडीतून उतरली. "गाडी होईल हो नीट. पण सर उद्याही कप दोन हातांनीच धरणार."

कापलेला पाईप रुमालात गुंडाळून ते सरांकडे गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सगळं सांगितलं, चार लोकांदेखत केलेल्या थट्टेसकट. सरांनी पाईप एका हातात घेतला, उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून भोकातून पाहिलं.

"महिनाभर हात समोर धरून बघतोय मी, मिस्त्री," ते म्हणाले. "थरथरताना दिसायचेसुद्धा."

मिस्त्रींना मान वर करवेना. यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. बाईंचीही त्यांनी माफी मागितली. बाईंनी नुसती मान हलवली. असू दे, असं काही म्हटलं नाही.

"गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवतो," सर म्हणाले. "दुरुस्त झाली की चालवून मी बघणार. तुम्ही शेजारी बसायचं. आणि बोलायचं नाही."

मिस्त्री बरं म्हणाले. पार्टचं दुकान सातला बंद होत असे. पुढच्या दोन्ही चाकांचे नवे ब्रेक पाईप आणायला ते तिकडे निघाले.