मॅडमनी अंगठा दाखवला!

खडकीतल्या एका दवाखान्याच्या काउंटरवर एकवीस वर्षं बसलं की केसपेपरांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा केसपेपर रद्दीत गेले. किस्से कुठे टाकणार?

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. बोलणं मोजकं आणि तिरकस. कांबळेकाका कारखान्यातून रिटायर झाले, मुलाने स्मार्टफोन दिला आणि काका गुगलवर डॉक्टरकी शिकले! एकदा खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "मॅडम, सर्च केलंय. मला तीन आजार आहेत. त्यातला एक फक्त बायकांना होतो, तो सोडून द्या!"

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "उरलेल्या दोन आजारांसाठी जीभ दाखवा."

लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉल सुरू झाले. मॅडम एका आजोबांना म्हणाल्या, "जरा मोठा श्वास घ्या." स्क्रीन एकदम काळी! आजोबांनी फोन बनियनच्या आत, छातीला लावला होता. आतून आवाज आला, "येतंय का ऐकू?"

शिंदेकाकूंनी शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. रिपोर्ट नॉर्मल होता, म्हणून मॅडमनी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. अर्ध्या तासात काकू रिक्षाने हजर! डोळ्यांत पाणी. "इतकी वर्षं येतेय, आणि मॅडमनी मला अंगठा दाखवला!"

मॅडमनी त्यांना आत बसवलं, चहा पाजला. त्यानंतर रिपोर्ट कितीही नॉर्मल असो, मॅडम पूर्ण वाक्य लिहायच्या.

ओव्हाळआजींना मात्र वाक्य लिहिता-वाचता येत नव्हतं. नातीने त्यांना फक्त फोटो पाठवायला शिकवलं होतं. रोज सकाळी आठला ओव्हाळआजोबांच्या बीपी मशीनचा फोटो यायचा. मॅडम आकडे बघायच्या, काही वाटलं तर फोन करायच्या.

एका सकाळी मशीनचा फोटो आलाच नाही. आला तो आजोबांच्या पायांचा. दोन्ही पाय टम्म सुजलेले.

मॅडमनी समोरच्या पेशंटचं प्रिस्क्रिप्शन अर्धवट सोडलं, मला म्हणाल्या, "सगळ्यांना सांग, थांबा," आणि स्कूटर काढली. आजोबांना धाप लागली होती. हृदयाचं दुखणं निघालं. तासाभरात ते ॲडमिट झाले, आणि दहा दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी आले.

नंतर आजी दवाखान्यात आल्या तेव्हा मॅडम जरा रागावल्याच. "आजी, अशा वेळी सरळ फोन करायचा ना! फोटो कसला पाठवता?"

आजी हळूच म्हणाल्या, "अहो, शेजारीच तर बसले होते ते. मी फोनवर बोलले असते तर त्यांना ऐकू गेलं नसतं का?"