ब्रायटनचा कावळा

मुलीकडे इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा सांगलीत ज्याने त्याने काही ना काही आणायला सांगितलं. माझ्या चुलत सासूबाईंनी मात्र तिकडे भात ठेवून यायला सांगितलं.

आम्ही त्यांना थोरल्या आई म्हणायचो. माण तालुक्यातल्या आमच्या गावी त्या एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान पहिल्या महायुद्धात जखमी होऊन ब्रायटन नावाच्या समुद्रकाठच्या गावी इस्पितळात गेले आणि तिथेच वारले. थोरल्या आई तेव्हा बारा वर्षांच्या. गावी दहावा झाला, पण कावळा पिंडाला शिवेना. भाऊबंदांनी सुचेल ते कबूल करून पाहिलं आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

"गवताच्या कावळ्यावर भागवलं," थोरल्या आई म्हणाल्या. "साठ वर्सं झाली, माझं मन काय मानत न्हाई. तू जातीयास तर तिथं भात ठेव. खरा कावळा शिवतूय का, तेवढं बघून ये."

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण भात शिजवायला विश्वास लागत नाही, म्हणून हो म्हटलं.

लंडनला मुलगी आणि जावई सकाळी आठला बाहेर पडत, ते सातला परत येत. दिवसभर मी आणि हीटर. ब्रायटनचं काढलं की मुलगी म्हणायची, "शनिवारी सगळेच जाऊ या, आई." असे आठ शनिवार गेले. मग एका बुधवारी मी भात शिजवला, त्यात दही आणि काळे तीळ कालवले, स्टीलच्या डब्यात भरला आणि एकटीच गाडीत बसले.

हंगाम संपला होता. दुकानं निम्मी बंद. कुठल्याशा राजाने हौसेने बांधलेला घुमटांचा महाल दिसला. लढाईत त्याचंच इस्पितळ केलं होतं, आता तिकीट लावून दाखवतात. तिथल्या रखवालदाराने कागदावर रस्ता काढून दिला. बसने गावाबाहेर, मग मैलभर चढ. आपल्या शिपायांना जिथे अग्नी दिला, तिथे पांढऱ्या दगडाची छत्री आहे. भोवती आमच्या माण तालुक्यासारखाच उघडा माळ, फक्त हिरवा, आणि मेंढरं. दगडावर एकाचंही नाव नव्हतं.

कागदावर भात ठेवून मी लांब जाऊन उभी राहिले. आपल्याकडे बोलतात तसं मोठ्याने म्हटलं, "थोरल्या आईंना आम्ही अंतर देणार नाही. काळजी करू नका." म्हणून झाल्यावर इकडे तिकडे पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं. दूर कुंपणावर दोन कावळे होते. तासभर ते तिथून हलले नाहीत. शेवटी एक मेंढी भाताकडे यायला लागली, तेव्हा मी तो उचलून परत डब्यात भरला.

खाली समुद्रावर आले. वाळू नाहीच, सगळे गोटे. काठाने ओळीने बाकं आणि बाकागणिक एक म्हातारं माणूस, कोट घालून, थर्मास मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसलेलं. एका रिकाम्या बाकावर मीही बसले. त्या ओळीत मी काही वेगळी दिसत नसणार. भात पाण्यात सोडावा म्हणून झाकण काढलं, तोच कोंबडीएवढा पांढरा पक्षी खांद्यावरून झेपावला. डबा खाली पडला. बघता बघता त्याने शीत न् शीत टिपलं आणि उलट माझ्यावरच ओरडला. शेजारच्या बाकावरची बाई हसली. तिने मला हात पुसायला रुमाल दिला आणि पुन्हा समुद्राकडे बघत बसली.

परतताना विमानात मी ठरवलं, सरळ कावळा शिवला म्हणून सांगायचं. पण गावी गेले, तर थोरल्या आई माझ्याआधीच ओट्यावर येऊन बसलेल्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या अंगानं आला गं कावळा?" आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना. कुंपणावरचे कावळे, मेंढी, पांढरा पक्षी, सगळं सांगून टाकलं.



"पांढरा हुता म्हन्तीस?"

"हो."

"गोऱ्याच्या मुलखात कावळाबी गोराच असनार की. समदं खाल्लं का त्यानं?"

"सगळं. डबासुद्धा उलटा केला."

"मग त्येच," थोरल्या आई म्हणाल्या. "त्यास्नी भूक निघायची न्हाई. मला त्यांचं तेवढंच म्हाईत हाय."

आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, मला भाकरी टाकायला.