वैरागच्या हुरड्याला संत्र्याची व्हिस्की

ओंकारच्या वडिलांनी "बगू की" म्हटलं, त्यानंतर दिवाळीही उलटून गेली होती. ओंकार म्हणजे आमच्या मुक्ताने पसंत केलेला मुलगा. दोघं पुण्यात एकाच ऑफिसात. पोरगा चांगला, घर चांगलं, वैरागजवळ शेती. पण फोनवर लग्नाचा विषय काढला की त्याचे वडील, ज्यांना सगळेच आबा म्हणतात, तेवढे दोन शब्द बोलायचे आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून जायचे. होकार नाही, नकारही नाही. मुक्ता अगदी रडकुंडीला आली होती. जानेवारीत त्यांच्याकडून हुरड्याचं आमंत्रण आलं, तेव्हा मी आणि माझी बायको नीलिमा गाडी काढून निघालो. मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावं म्हणून पोरं पुण्यातच थांबली.

निघायच्या आदल्या दिवशी घरात वाद झाला. मला संत्र्याच्या स्वादाची व्हिस्की आवडते. या ब्लॉगवर मी ते आधीही लिहिलंय, आणि त्याखाली तुम्ही लोकांनी काय काय दिवे लावलेत तेही वाचलंय. खोकल्याचं औषध म्हणे. लिमलेटची गोळी म्हणे. आपल्याकडे संत्रा म्हटलं की लोकांना थेट देशी दारूचं दुकान आठवतं, त्याला मी काय करू? आमच्या दुकानदाराकडे हीच बाटली सगळ्यात आधी संपते, मग ती पितं तरी कोण? मला तिचा तो सालीचा कडवटपणा आवडतो. भरपूर सोडा घालायचा, वर चिमूटभर मीठ टाकायचं आणि निवांत बसायचं.

नीलिमाचं फर्मान निघालं. आबांसाठी भारीतली स्कॉच न्यायची, माझी सरबताची बाटली घरी ठेवायची, आणि तिथे जे पुढ्यात येईल त्याला छान म्हणायचं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असंही वर सुनावलं. मी मुकाट मान डोलावली आणि माझी बाटली गाडीत स्टेपनीशेजारी कोंबली.

आता रस्त्याबद्दल, कारण त्यासाठीच तुम्ही इथे येता. पुणे-सोलापूर हायवे छान आहे. उजाडायच्या आत निघालात तर हडपसरची गर्दी चुकते. टोलनाके बरेच लागतात, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे भरून निघा. भिगवणला मासे खायचे ते परतताना. आम्ही सकाळी नाष्ट्याच्या वेळी मासे मागितले तर हॉटेलवाल्याने आमच्याकडे दयेने पाहिलं. मोडनिंबजवळ रस्त्याकडेला बोरं मिळाली, मोहोळला चहा झाला आणि जेवायच्या वेळेला आम्ही सोलापुरात. स्टेशनजवळच्या साध्या लॉजमध्ये उतरलो. जानेवारीत इथली मोठी गड्ड्याची जत्रा भरते, त्या दिवसांत जाणार असाल तर खोली आधीच सांगून ठेवा.

संध्याकाळी बाजारात गेलो. चादरींच्या दुकानातला माणूस आईशी तेलुगूत, फोनवर दखनीत आणि आमच्याशी मराठीत बोलत होता, आणि तिन्ही भाषांत भाव मात्र एक रुपयाही उतरवत नव्हता. नीलिमाने आबांसाठी दोन चादरी बांधून घेतल्या. मी म्हणालो, अगं, सोलापूरच्या माणसाला सोलापुरी चादर कसली नेतेस? त्यावर ती दहा मिनिटं माझ्याशी बोलली नाही. चादरी आता आमच्याच पलंगावर आहेत. उबदार आहेत, घ्याच.

दुसऱ्या दिवशी बार्शी रस्त्याने वैरागकडे निघालो. तासाभरात दोन्ही बाजूंना ज्वारी सुरू झाली. आबा बांधावर उभेच होते. पांढरी टोपी, काटक अंग, बोलणं बेताचं. त्यांच्या पत्नी मालनताईंनी पानं वाढली: भरली वांगी, आमटी, शेंगांची चटणी, कडक भाकरी. आम्ही फर्मानाप्रमाणे सुरू झालो. वांगी फारच छान. चटणी काय सुरेख. भाकरी तर अप्रतिम, असं मी म्हणालो तेव्हा माझी डावी दाढ ठणकत होती. मग विहिरीचं कौतुक झालं, गोठ्याचं झालं. म्हैस नीलिमावर शिंगं रोखून आली, तर तिचंही झालं. आम्ही एकेक छान म्हणत होतो आणि आबांचा चेहरा उतरत चालला होता. मी हळूच विषय काढला, पोरांचं आता मार्गी लावायला हवं. आबा म्हणाले, "बगू की," आणि गोवऱ्या आणायला गेले.

उन्हं कलल्यावर आगटी पेटली. खड्ड्यातल्या निखाऱ्यांत आबा स्वतः कणसं भाजत होते, चोळून हिरवेगार दाणे आमच्या हातावर टाकत होते. ज्यांनी शेतावर बसून गरम हुरडा खाल्ला नाही त्यांची मला मनापासून कीव येते. रिसॉर्टवरचा थंडगार हुरडा हा हुरडा नव्हे, पैसे वाया घालवू नका. मग स्टीलच्या पेल्यांत आम्ही नेलेली स्कॉच ओतली गेली. मी एक घोट घेतला. तोंडात त्या कोवळ्या ज्वारीची गोडी होती, तिच्यावर जळक्या ओल्या लाकडाची चव येऊन बसली. इतक्यात आबांनी विचारलं, "कशी हाय?"

नीलिमा माझ्याकडे बघत होती. छान, एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळपासून छान म्हणून म्हणून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

"आबा, खरं सांगू का? मला नाही आवडत ही. माझी वेगळी आहे, गाडीत."

नीलिमाच्या हातातला हुरडा हातातच राहिला. मी जाऊन बाटली आणली, सोडा ओतला, मीठ टाकलं आणि पेला आबांपुढे धरला. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे संशयाने पाहिलं, एक घोट घेतला आणि कडूजार कोयनेल प्यायल्यासारखं तोंड केलं. उरलेली शांतपणे बांधावर ओतून दिली.

"लई वाईट हाय."

"असेल. मला आवडते," मी म्हणालो आणि माझा पेला भरला. आता जे व्हायचं ते होवो.

निखारे सारखे करत आबांनी विचारलं, भाकरी कशी होती ते आता खरं सांगा. मी सांगितलं, कडक होती, दाढ अजून दुखतेय. मालनताई पदराआड खुदकन हसल्या. आमटीत कुस्करून द्यायला हवी होती, असं त्या आधीच म्हणाल्या होत्या म्हणे. नीलिमालाही राहवलं नाही. ती म्हैस मला मारायलाच आली होती, असं तिने सांगून टाकलं. आबा पहिल्यांदा मोठ्याने हसले.

"पुतन्याच्या सासरची मानसं अशीच आलती," ते म्हणाले. "समदं छान छान. लगीन झालं, आन पोरगी फिरून हितं आली न्हाय. तुमी सकाळधरनं तेच लावलंय. माजं काळीज बसलं की."

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मग नीलिमानेच सांगायला सुरुवात केली. मुक्ता पहाटे उठत नाही. शेतावर राहायला ती येणार नाही, पण सणावाराला येईल, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर तोंडावर सांगेल, बापावर गेलीय. आबा ऐकत होते, मधूनच व्हय म्हणत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्या बाटलीकडे बोट केलं.

"एक सांगतो, पाव्हणं. लग्नात ही असली आणू नका."

इतके महिने आमच्या पोरांच्या लग्नाचा शब्द ज्या माणसाच्या तोंडून निघत नव्हता, त्याने तो आपणहून काढला होता. नीलिमाने ओढणीने डोळे पुसले आणि उगाच धुराला नावं ठेवली. फोनला रेंज फक्त विहिरीपाशी येते. तिथे जाऊन मी मुक्ताला कळवलं आणि परत येऊन दुसरा पेला भरला. मुक्काम तिथेच होता, गाडी चालवायची नव्हती. इतकी झकास मला ती कधीच लागली नव्हती.

सकाळी निघालो, भिगवणला मासे खाल्ले, दुपारी घरी. स्कॉच आबांकडे राहिली, त्यांना ती मनापासून आवडली. माझी बाटली मात्र मालनताईंनी हुरड्याच्या आणि चटणीच्या पिशवीत आठवणीने घालून दिली. हितं कुणी पीत न्हाय, म्हणाल्या. रात्री मुक्ता आली, माझ्या गळ्यात पडली, सगळी हकीकत दोनदा ऐकली. मग तिचं लक्ष कपाटातल्या बाटलीकडे गेलं. बाबा, लग्नात खरंच ही आणणार नाही ना, असं तिने विचारलं.

मी म्हणालो, "बगू की."