कुत्र्याचं औषध मांजराला

आमच्या घरातली मांजर वहिनीच्या हातून मेली नाही. माझ्या हातून मेली. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मायला नाही, दादाला नाही, बायकोलाही नाही.

आता सांगायला निमित्त झालं ते असं. कोणाच्या कुत्र्याला लूत लागली, कोणाच्या मांजराचा कान वाहतो, की अमळनेरातले ओळखीचे लोक अजून माझ्याकडे विचारायला येतात. परवा त्यातले एक जण म्हणाले, "अहो, हे एकदा लिहून काढा. तुमच्यामागं कोण सांगणार?" मी लिहायला बसलो. कुत्र्यांचं भराभर लिहून झालं. मांजरांपाशी आलो आणि पुढं सरकेना. तेव्हा हे आधी.

तरुणपणी मी कापसाच्या जिनात वजनकाट्यावर कारकून होतो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर लागायची. आवारात कुत्री पुष्कळ. ती सरकीच्या ढिगावर निजायची आणि गाड्यांच्या बैलांवरचे गोचीड त्यांच्या अंगावर चढायचे. शेठजी मारवाडी, जैन. कुत्र्यांना रोज भाकरी घालण्याबद्दल त्यांचा हुकूम होता, तसा गोचिडांबद्दलही होता: "काढा, पण आवारात मारायचे नाहीत. बाहेर सोडा." बाहेर बैलच उभे असत. म्हणजे आम्ही काढलेले गोचीड संध्याकाळपर्यंत बैलांवरून परत कुत्र्यांवर.

ते काम हळूहळू माझ्याकडे आलं. मला आवडायचं. गोचीड ओढून काढू नये, तोंड आत राहतं आणि तिथं गळू धरतं, हे मी चुका करत शिकलो. करंजाच्या तेलाचं बोट लावावं, पकड सैल पडू द्यावी आणि मग हलक्या हातानं पिळून घ्यावा. लुतीला गंधक बारीक खलून करंजेलातच कालवावा आणि कुत्रं उन्हात बांधून चोळावा. अंघोळीला रिठ्याचं पाणी. बोटांच्या बेचक्या आणि कानामागची जागा विसरू नये. घासलेट कधी लावू नये. आता ते रेशनकार्डावर मिळतं म्हणून कोणी कुत्र्यावर ओतणार नाही, पण तेव्हा सर्रास ओतत, आणि कातडं सोलवटून निघे. चैत्र-वैशाखात अंगाखाली ओलं गोणपाट आणि खायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताकात कुस्करून. जखम चाटू नये म्हणून फुटक्या टोपलीचं बूड कापून गळ्यात घालावं. कुत्रं दोन दिवस रुसतं, मग विसरतं.

गोचीड फारच झाले तर माझ्याकडे जालीम उपाय होता: तंबाखूची देठं रात्रभर भिजवलेलं पाणी. ते लावण्याआधी, चाटून पोटात जाऊ नये म्हणून, कुत्र्याला सुतळीचं मुसकं बांधायचं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. अंग वाळलं की स्वच्छ धुवायचं आणि मगच मुसकं सोडायचं. हा क्रम मी कधी मोडला नाही. हमाल मला 'कुत्र्यांचा डाक्टर' म्हणायचे. एकदा एकानं सगळ्यांसमोर हात पुढं केला.

"डाक्टर, मनी बी नाडी दखा."

"तुला आधी मुसकं बांधावं लागेल," मी म्हणालो. सगळे हसले. मला ती पदवी आवडायला लागली होती, हे खरं.

घरी माय, दादा, वहिनी आणि त्यांचं तान्हं पोर. माझं लग्न व्हायचं होतं. मांजर मायची, करड्या रंगाची. माय तिला तेल-पाणी काही लावत नसे. गव्हाचा कोंडा तव्यावर कोमट करून तिच्या अंगाला चोळायची आणि फणीनं विंचरून पिसवा राखेच्या परातीत पाडायची. त्या उन्हाळ्यात पिसवा इतक्या झाल्या की विंचरून सरेनात. पोराच्या पाठीवर लाल गांधी उठल्या. वहिनी कावली.

"भाऊजी, हिला पोत्यात घाला आणि बोरी नदीपल्याड सोडून या. एक तर ती राहील, नाहीतर मी."

माय चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "सोड ना. मंग उंदीर काय तुना बाप धरी?"

"माझ्या बापाच्या घरी पिसवा नव्हत्या."

"मंग दाणा बी नसतीन."

असं रोज चालायचं. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करून दुकानावर निघून जायचा. मला वाटलं, यात काय अवघड आहे? डाक्टर घरातच आहे. कोणाला न सांगता करून टाकावं, पिसवा गेल्या की मग सांगावं. दोघींनीही कौतुक केलं असतं.

एका सकाळी माय पाण्याला गेली होती आणि वहिनी भाकरी थापत होती. मी परसात मांजरीला पोत्यात धरलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि जिनातून बाटलीत आणलेलं तंबाखूचं पाणी तिच्या अंगभर चोळलं. कुत्र्याला लावायचो तेवढंच कडक. मुसकं बांधायचं मनात आलं. पण मांजराच्या तोंडाला मुसकं बसणार कसं? वाळेपर्यंत धरून बसावं आणि धुवावं असं ठरवलं होतं, तेवढ्यात जिनाचा भोंगा झाला. काट्यावर उशीर झालेला शेठजींना खपत नसे. मी पोतं सोडलं. मांजर शिडीवर जाऊन बसली आणि अंग चाटायला लागली. ते मी पाहिलं. "चाटू दे, लवकर वाळेल," असं स्वतःशी म्हणून मी गेलो.

दुपारी जेवायला आलो तर शेजारची अक्का आमच्या दारात उभी. तिनं मला ओट्याखालीच गाठलं.

"तुनी वहिनीनी मांजर मारी टाकी."

झालं होतं ते असं. मांजर झोकांड्या खात घरात आली आणि दुधाच्या पातेल्यावर कोसळली. सगळं दूध चुलीपर्यंत वाहत गेलं. वहिनीनं रागानं हातातली फुंकणी फेकली, ती मांजरीच्या पाठीला लागली. मांजर तिथंच आडवी झाली, पाय झाडले आणि संपली. अक्का ताक मागायला आलेली, तिनं हे डोळ्यांनी पाहिलं. झोकांड्यांचं तिनंच मला सांगितलं. पण मांजर दुधाच्या वासानं बावचळली होती, असं तिचं म्हणणं.

वहिनी भिंतीला टेकून पोराला घट्ट धरून बसली होती. "मी नुसती हाकलायला फेकली हो," एवढंच ती म्हणत होती. माय ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पातेलं घासत होती. घासता घासता म्हणाली, "मांजरनं पाप शे. बठ्ठा घरले लागी." सगळ्या घराला लागेल, असं.

मी म्हणालो, "मी पुरून येतो."

हे मी तत्परतेनं का म्हणालो ते मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या हाती ते मांजर पडायला नको होतं. नदीकाठी नेऊन मी पोतं उघडलं. हनुवटीला फेस वाळलेला. केस चिकटून तपकिरी झालेले, आणि वास तंबाखूचा. मी तिच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. कणा शाबूत होता. कुठं सूज नव्हती, खोक नव्हती. खड्ड्यात मीठ टाकून पुरलं आणि हात वाळूनं घासले. घरी आलो तर माय म्हणाली, माझ्या जिवाला फार लागलेलं दिसतंय. मी जेवलो नाही, त्याचाही अर्थ तोच घेतला गेला.

मांजर मारल्याला काशी करावी नाहीतर सोन्याचं मांजर दान द्यावं, असं आमच्याकडे म्हणतात. सोनं आमच्या आवाक्याबाहेरचं. भटजींनी चांदीवर मान्य केलं. घरात चांदी होती ती वहिनीच्या माहेरच्या तोड्यांची. तिनं ते आपणहून काढून दिले, पाय पुढं करून, दादाला ओढायला लावून. दादानं ते फडक्यात बांधले आणि सोनाराकडे न्यायला माझ्याच हातात दिले.

सोनार गमत्या होता. तोडे मुशीत टाकताना म्हणाला, "शेपटी उभी करू की वेटोळी?"

"करा कशीही."

"कशीही कशी? मेलेल्या मांजराची शेपटी उभी नसते." मग फुंकर घालत म्हणाला, "काही म्हणा, तुमच्या वहिनीचा नेम चांगला."

मी हसलो. मुशीतली चांदी अजून पुरती वितळली नव्हती. एक वाक्य बोललो असतो तर तोडे, काळे पडलेले का होईना, परत फडक्यात आले असते. मी हसून निघून आलो. संध्याकाळी चांदीचं मांजर घरी घेऊन गेलो. बोटाएवढं, शेपटी वेटोळी.

दान झालं म्हणून पाप फिटलं असं भटजी म्हणाले. गल्लीतल्या बायकांनी ते मानलं नाही. कोणाकडे पाचवी असली की आमच्या घरी बोलावणं मायला यायचं, वहिनीला नाही. बाळंतिणीच्या घरी पोर हातोहात फिरताना वहिनीपाशी आलं की कोणीतरी मध्येच उचलून घ्यायचं. "राहू दे बाई, तू नको." वहिनीच्या पोराला गोवर निघाला तेव्हा ती मायला म्हणाली, "माझ्यामुळंच." मी शेजारच्या खोलीत होतो आणि भिंत कुडाची होती.

तंबाखूचं पाणी मी त्याच आठवड्यात सोडलं. जिनातल्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, कुत्र्यांना झोंबतं. डाक्टर म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि मीही त्यांना थांबवलं नाही.

पुढं माय गेली. दादानं धुळ्याला दुकान काढलं आणि ते सगळे तिकडं गेले. एकदा मी तिथं गेलो होतो. वहिनी दारात डाळ निवडत होती आणि गल्लीतलं एक मांजर तिच्या मांडीला घासत होतं. ती त्याला दूध घालायची, पण हात लावत नसे. डाळ निवडता निवडता, वर न बघता तिनं विचारलं,

"भाऊजी, एक विचारू? तुम्ही पुरलीत ना तिला. पाठ मोडली होती का हो?"

दादा आत होता. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. इतकी वर्षं ती ते मनात धरून होती, आणि उत्तर ज्याला ठाऊक होतं त्यालाच विचारत होती. माझ्या हाताला तो सरळ कणा तेव्हाही आठवत होता.

मी म्हणालो, "तेवढं काही बघितलं नाही."

"मोडलीच असेल," ती म्हणाली. "फुंकणी लोखंडी होती." आणि तिनं सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.

मांजर मारलं ती चूक होती. हे उत्तर चूक नव्हतं. ते मी समजून उमजून दिलं.

तर विचारायला येणाऱ्यांसाठी मांजरांचं इतकंच लिहितो. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. तंबाखू नको, घासलेट नको, गंधक नको, कार्बोलिकचा साबण तर नकोच. मांजर दिवसभर अंग चाटतं. त्याच्या अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. पिसवांना फणी आणि कोमट कोंडा. वेळ लागतो, लागू द्या. त्याचं अंथरूण उन्हात टाका, जमीन शेणानं सारवून घ्या, आणि पोराचा पाळणा दुसऱ्या खोलीत हलवा. हे तेव्हा आमच्या घरात सगळं करता आलं असतं.

वहिनी धुळ्याला आहे. आता तिला नातू झाला आहे, आणि त्याला मांडीवर घेण्याआधी ती सुनेकडे बघते, असं माझी बायको सांगते. मांजरीचा कणा शाबूत होता आणि ती माझ्या औषधानं मेली, हे वहिनीच्या समोर बसून, तिच्या सुनेच्या देखत सांगायचं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.