गॅलरीतले ताट

ती संध्याकाळ इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. रोज कुठे ना कुठे मोर्चा आणि रोज बंदोबस्त. मी दादर भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. पायांतले बूट काढायला सवड मिळत नसे. लोक आमच्याकडे वैऱ्यासारखे बघत. घरी गेलो की बायकोही विचारी, आज कुणाला मारून आलात? अशा दिवसांत साधी फिर्याद आली तरी आम्हाला बरे वाटायचे.

त्या दिवशी शिवाजी पार्कजवळ राहणारे एक गृहस्थ ठाण्यात आले. सरकारी कचेरीत चांगल्या हुद्द्यावर होते, पण कोट घामाने भिजलेला आणि आवाज कापत होता. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. डावी बाजू गेली होती, बोलणे आणि डोके मात्र शाबूत होते. त्यांची सेवा करायला परळच्या एका नर्स पुरवणाऱ्या ब्युरोतून दिवसाची नर्स ठेवली होती. शहरातल्या गडबडीमुळे कचेरी लवकर सुटली. पत्नी गिरगावात हळदीकुंकवाला गेलेली. गृहस्थ घरी आले, तर वडीलही नाहीत आणि नर्सही नाही.

"पळवलंय तिनं बाबांना," ते म्हणाले. "कोऱ्या कागदावर सही घेतली तर? बाई वरळीच्या बीडीडी चाळीतली आहे, साहेब. बौद्ध झालेली. ब्युरोनं आधी सांगितलंच नाही."

शेवटची दोन वाक्ये फिर्यादीत लिहायची गरज नव्हती. मी लिहिली नाहीत.

स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. माणूस हरवला की आधी त्याचे घर नीट बघावे, अशी माझी सवय. कपाटे बंद होती, चीजवस्तू जागच्या जागी. म्हाताऱ्याची खाट मागच्या गॅलरीत होती, पुढे जाड पडदा. कठड्याशी अ‍ॅल्युमिनियमची दोन ताटे धुऊन पालथी घातलेली.

"हे ताट कुणाचं?" मी विचारले.

"नर्सचं."

"आणि दुसरं?"

गृहस्थ अडखळले. "बाबांचं. म्हणजे... ती त्यांना अंघोळ घालते, भरवते. मग आत सगळ्यांबरोबर कसं बसवणार? घरात देवघर आहे. माझ्या बायकोला चालत नाही. दुसरी बाई मिळेपर्यंतच."

"नातवंडं जातात त्यांच्याजवळ?"

"जातात, पण स्वतःच्या अंघोळीआधी."

हवालदाराने उगाचच टोपी नीट केली.

धागा नाक्यावर मिळाला. तिथला व्हिक्टोरिया घोडागाडीवाला आमचा खबरी होता. "बुढ्ढे को मैंनेच उठाके बिठाया, साब," तो म्हणाला. "वरली छोडा. जबरदस्ती कायकी? वो तो रस्ताभर हँसता था."

पळवून नेलेला माणूस हसत नाही. तरीही जीप काढली. गृहस्थांना खाली जीपमध्ये बसवून आम्ही चाळीचा जिना चढलो. खाकी दिसताच वर बायका दाटीवाटीने वाट अडवून उभ्या राहिल्या.

"मोर्चातला कोन पायजे? हितं कोन नाय," एक म्हणाली.

"आजारी माणूस शोधतोय, बाई."

"मग बूट वाजवू नका. जेवतायत ते."

खोलीत पंगत बसली होती. भिंतीशी उशी लावून म्हातारा बसला होता, मांडीवर नर्सची छोटी मुलगी. समोर भाकरी आणि वालाची उसळ. उजव्या हाताने स्वतः खात होता, निम्मे सदऱ्यावर सांडत होते. नर्स आम्हाला बघून ताडकन उठली.

"साहेब, न विचारता आणलं, ही माझी चूक," ती म्हणाली. "रोज म्हणायचे, पोरी, मला एकदा पंगतीत जेवायचंय, तुझ्या घरी ने. दिवे लागायच्या आत परत नेणार होते. पण तिकडं दगडफेक झाली, गाड्या बंद. यांना उचलून कशी नेऊ?" मग हळूच म्हणाली, "आता ब्युरोतून माझं नाव जाईल ना? घर माझ्या पगारावर आहे."

मी म्हाताऱ्यांचा जबाब घ्यायला बसलो.

"लिहा, स्वखुशीनं आलो," ते म्हणाले. "मला कोण पळवणार हो? पळवावं एवढा हवा कुणाला आहे मी?"

माझा हात तिथेच थांबला. गुन्हा काही नव्हता. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला होता, पण मुलानेच सख्ख्या बापाचा विटाळ धरला तर त्याला कोणते कलम लावायचे?

मुलाला वर बोलावले. नर्सच्या सासूने त्याच्यापुढे चहा ठेवला. तो कपाकडे बघत उभा राहिला.

"तो चहा घे," म्हातारा म्हणाला. "मग येतो मी घरी."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत की."

गृहस्थांनी डोळे मिटून कप रिकामा केला. मनापासून की माझ्या वर्दीकडे बघून, देव जाणे. फिर्याद मागे घेतली गेली. ब्युरोकडे तक्रार करणार नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतले, तेव्हा कुठे नर्सचा चेहरा निवळला. म्हाताऱ्यांना आम्ही खुर्चीत बसवून खाली आणले.

पुढे पार्कवर बंदोबस्त होता, तेव्हा त्या घरी डोकावलो. म्हाताऱ्यांचे ताट आत घेतले होते, पण नर्सचे गॅलरीतच राहिले. हे कळल्यावर म्हाताऱ्यांनी आपले ताट पुन्हा बाहेर मागवले होते. दोघे कठड्याशी बसून वरणभात जेवत होते. मला बघून म्हातारे हसले. मला हसू आले नाही, फार थकल्यासारखे झाले. हरवलेला माणूस शोधून दारापर्यंत पोहोचवणे पोलिसाच्या हातात असते. त्याला घरात घेणे घरच्यांच्या हातात, आणि तिथे माझे काही चालले नाही.

आता मीच आजारी आहे. परवा माझ्या मुलाने माझ्यासाठी नर्स ठरवली. ती चांगली आहे, शिकलेली आहे, असे तो सांगत होता. मी एवढेच विचारले, "ती जेवायला कुठे बसणार?"

तो गोंधळला. "तुमच्याशेजारी, अजून कुठे?"

"मग उद्यापासून येऊ दे," मी म्हणालो.