हॅशरेट वाढला म्हणून पेढा

मंडळी, आज फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर पिंपळे गुरवला ताईकडे गेलो, तर दाजींनी दारातच पेढा हातावर ठेवला.

दाजींनी भोसरीतली नोकरी सोडून बेडरूममध्ये बिटकॉइन माइनिंगचं मशीन लावलंय. आत भट्टीसारखं तापतं, म्हणून ताई हॉलमध्ये झोपते.

"नेटवर्कचा हॅशरेट वाढला, भावा! जगातल्या सगळ्या मशीनची मिळून ताकद!"

कंपनीत माझ्या हातात दिवसभर मापं तपासायचा गेज असतो. सवयीनं विचारलं, "दाजी, ती मोजतात कशानं?"

"थेट मोजता येत नाही. मशीनने गणित सोडवलं की एक ब्लॉक सापडतो आणि त्याचे कॉइन मिळतात. ब्लॉक किती भराभर सापडतात, त्यावरून अंदाज काढतात."

"मग भराभर सापडले तर कॉइन जास्त मिळणार?"

दाजींनी मान हलवली. "नाही राव. तसं झालं की नेटवर्क गणितच अवघड करतं. कॉइन तेवढेच, वाटेकरी वाढतात."

आमच्या लाइनवर विक्रमी पीस निघाले की साहेब पेढे वाटतात आणि सोमवारी टार्गेट वाढवतात. असल्याच टार्गेटला कंटाळून दाजींनी नोकरी सोडली होती.

ताई हॉलमधूनच म्हणाली, "म्हणजे आता टार्गेट वाढायचे पेढे तुम्ही स्वतःच आणायला लागलात."

पेढा अजून माझ्या डब्यात आहे. तुम्ही खाल्ला असता?