पाण्याचं पिंप आणि चाकांवरचं घर

समुद्र बघायला जायचं ठरलं तेव्हा गावानं आम्हाला एकच प्रश्न विचारला. कशाला?

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावातली माणसं बाहेर पडायची ती देवाला, बाजाराला, मयताला नाहीतर पलटणीत. नुसतं बघायला म्हणून कोणी कुठं जात नसे. त्यात आम्ही गावकुसाबाहेरचे. दीक्षा घेऊन सहा-सात वर्षं झाली होती, मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं होतं, एवढ्यावरच गाव आमच्यावर फुगून होतं. आता हे लोक हवा खायला निघाले म्हटल्यावर चावडीपुढच्या कट्ट्याला महिनाभर विषय पुरला. आईला वाटेत कोणी अडवलं की ती सरळ सांगायची, पाणी बघायला चाललोय. पाणी बघायला थेट कोकणात? व्हय, म्हणायची, इथलं तुमी बघू देत न्हाई म्हणून.

मला आईचा तोंडाळपणा जसाच्या तसा मिळाला आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

गाडी वडिलांची होती. ते पलटणीत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी पुण्याला जाऊन डिस्पोजलमधली एक जुनी लष्करी रुग्णवाहिका लिलावात घेतली. एरवी ती कऱ्हाडच्या बाजाराला भाजी आणि गुळाच्या ढेपा वाहायची. पण आत दोन्ही अंगांना स्ट्रेचर अडकवायच्या लोखंडी चौकटी होत्या. वडिलांनी त्यांवर फळ्या मारल्या, गाद्या घातल्या, आणि चौघांच्या झोपायची सोय झाली. मधल्या जागेत स्टो, भाकरीच्या पिठाचा डबा, चटणीची बरणी. मागच्या दाराला ताडपत्री बांधली की बाहेर ओसरी तयार. बाजूच्या तांबड्या क्रॉसवर त्यांनी तीनदा हिरवा रंग चढवला होता, तरी ऊन पडलं की तो खालून डोकवायचाच. गावातली पोरं गाडीला दवाखाना म्हणायची. आमच्या गावच्या घराला एक खोली होती, त्यामुळे मला तर या दवाखान्यात राहायला गेलो तेव्हा प्रशस्त वाटलं.

पण त्या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू गाडीच्या आत नव्हती. ती मागं, लोखंडी कट्ट्यावर पट्ट्यांनी आवळलेली होती. पाण्याचं पिंप. त्याला खाली पितळी तोटी. हे पिंप आईच्या हट्टानं आलं होतं.

आईचं लहानपण विहिरीच्या कडेला गेलं. विहिरीवर चढायचं नाही. बाजूला उभं राहायचं, वरच्या आळीतली कोणी बाई येईल, तिला दया येईल, तेव्हा ती उंचावरून ओतेल आणि आपण खाली ओंजळ धरायची. कधी ती बाई घाईत असायची, कधी दया विसरून आलेली असायची. दीक्षेच्या दिवशी घरी आल्यावर आईनं सांगून टाकलं की आता मेले तरी कोणाच्या हाताखाली ओंजळ धरणार नाही. तेव्हापासून ती नदीच्या वाळूतल्या झऱ्यावरून पाणी आणायची, लांबून, डोक्यावरून, पण स्वतःच्या हातानं भरून. समुद्राला जायचं ठरल्यावर तिची अट एकच होती. आपलं पाणी आपल्याबरोबर. वाटेत शहरगावी सार्वजनिक नळ लागतील तिथं पिंप भरायचं, कारण नळ कोणाला जात विचारत नाही. खेड्यातल्या विहिरीवर जायची वेळ येऊ द्यायची नाही.

माझा चुलता तेव्हा पलटणीतून सुट्टीवर आला होता आणि आमच्याबरोबर निघाला. रात्री तो गाडीच्या टपावर झोपायचा. त्याचं मत वेगळं होतं. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती, खाकी कपड्याला मान होता. कोणी विचारलं तर मिलिटरीतले म्हणायचं, म्हणायचा. खोटं थोडंच आहे ते? आई म्हणायची, खोटं नाही, पण अर्ध्यावरच थांबलेलं आहे. वडील यात पडत नसत. त्यांना गाडी चालवायला मिळाली की बाकी जगाशी त्यांचं भांडण नसे.

मे महिन्यात पहाटे निघालो. कोयनेच्या धरणावर ये-जा करणाऱ्या ट्रकांची धूळ खात पाटण मागं टाकलं आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो. प्रत्येक वळणाला धाकटा भाऊ ओकायचा आणि आई त्याला शाबासकी द्यायची, पोट हलकं झालं म्हणून. चिपळूणला नळावर पिंप भरलं. संध्याकाळी गुहागरला पोचलो. सुरूच्या बनात गाडी लावली आणि पळत सुटलो ते थेट पाण्यात.

आई पळाली नाही. ती वाळूवर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग चुलत्याला म्हणाली, येवढं पानी, आन एकानं बी कुंपान घातल्यालं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या लागल्या तशी आईनं टोपलीभर बांगडे घेतले. आम्हाला मासा माहीत होता तो बाजारातला सुका बोंबील आणि सुकट. ओला मासा आईनं आयुष्यात हातात धरला नव्हता. पण तिनं घाबरून दाखवलं असतं तर ती आमची आई कसली? तिनं बांगड्यांचं मटण केलं. म्हणजे आमच्याकडं मटण शिजवतात तसंच. भरपूर चटणी, भाजलेलं खोबरं, आणि स्टोवर झाकण ठेवून तास-सव्वातास. शिजलं की नाही बघायला झाकण काढलं तर पातेल्यात लालभडक रस्सा आणि काट्यांचा ढीग. मासा कुठं गेला ते कोणालाच कळेना. वडिलांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि काटे काढत काढत शांतपणे सगळं खाल्लं. लय भारी झालंय, म्हणाले. आम्हीही खाल्लं. दुपारभर सगळे दात कोरत बसलो होतो.

ते दोन दिवस मला आजही जसेच्या तसे आठवतात. सकाळी उठल्यावर दार ढकललं की समोर समुद्र. स्टो वाऱ्यानं विझायचा म्हणून चुलता त्याच्याभोवती घोंगडं धरून उभा राहायचा. भाऊ खेकड्यांच्या बिळात काड्या खुपसत फिरायचा. आमच्या गावात आम्ही कुठंही गेलो तरी कोणाच्या तरी जागेत असायचो. इथं आम्ही कोणाच्याच जागेत नव्हतो, आणि मला ते इतकं आवडलं की परत जायचंच नाही असं मी जाहीर केलं.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला निघालो. रस्ता कसला, जांभ्या दगडाची बैलगाडीवाट. खाडी आडवी आली की पूल नसायचा, मग पुन्हा आत वळायचं. दिवसभर हाडं खिळखिळी झाल्यावर ऊन उतरताना एका लहानशा गावापाशी समुद्र परत दिसला. आई पिंपातलं पाणी घ्यायला मागं गेली आणि तिथूनच तिनं वडिलांना हाक मारली. तोटी दगडावर आपटून तुटली होती. मागच्या तांबड्या रस्त्यावर ओली रेघ पडलेली होती, ती लांबपर्यंत दिसत होती. पिंप रिकामं. कळशीतलं दुपारीच संपलं होतं. भाऊ पाणी पाणी करत होता. गाडीच्या रेडिएटरलाही पाणी हवं होतं, म्हणजे पुढं जायचीही सोय राहिली नव्हती.

समोर पोफळीची वाडी होती. आत रहाटाची विहीर. ओट्यावर वाडीचे मालक बसले होते. चुलता खाकी शर्ट घालून पुढं गेला आणि मिलिटरीतले आहोत म्हणाला. मालक उठून उभे राहिले. पाणी हवं तेवढं न्या म्हणाले, शहाळी उतरवायला माणूस बोलावतो म्हणाले. सीमेवर बर्फ किती असतं तेही विचारलं. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

आई बादली घेऊन विहिरीच्या काठावर चढली. दोराला हात घातला. आणि थांबली. मला तिची पाठ दिसत होती. मला वाटलं, ओढ ना आता. माझ्या घशाला कोरड पडली होती आणि त्या क्षणी मला दीक्षा नको होती, पाणी हवं होतं.

आई मालकांकडं वळून म्हणाली, "आवं, आमी बौद्ध हाय. आदी सांगते, मग पानी भरते."

मालकांचा चेहरा रागावला नाही, नुसता मिटला. ते खाली बघत म्हणाले, "मग तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा. गडी येईल, तो ओतील तुम्हाला."

तो 'ओतील' मी कधी विसरले नाही. आईनं दोर सोडला. बादली उपडी केली, तिच्यात पाणी नव्हतंच, तरी उपडी केली, आणि ती काठावरून उतरली. वाडीच्या बाहेर आल्यावर चुलता तिच्यावर भडकला. एका शब्दापायी पोरं तहानेनं तळमळणार, म्हणाला. आई म्हणाली की पोरं आज तहानलेली राहिली तर उद्या पाणी पितील, पण आज ओंजळ धरायला शिकली तर जन्मभर धरतील.  वडिलांनी भावाला खांद्यावर घेतलं आणि आईच्या मागून चालायला लागले. चुलता बडबडत का होईना, पण आला.

किनाऱ्याच्या टोकाला चार-पाच झोपड्या होत्या. एका दारात एक बाई टोपलीतले मासे निवडत बसली होती. ती विचारायच्या आतच आईनं सांगून टाकलं, आम्ही बौद्ध, घाटावरचे, पाणी संपलंय. आईच्या आवाजाला धार होती. नकार ऐकायचा तर लवकर ऐकून मोकळं व्हावं, असा तो आवाज होता.

बाईला बौद्ध म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती आत गेली, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली, पण पुढं करेना. तांब्या छातीशी धरून उभी राहिली.

"आम्ही दालदी," ती म्हणाली, "मासे मारणारे मुसलमान. आमच्या हातचं चालेल ना तुम्हाला?"

 आईच्या सगळ्या आयुष्यात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ती नेहमी त्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभी असायची. समोरची बाई आपल्याला भीत होती, आपण नाही म्हणू म्हणून भीत होती, हे आईला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं हात पुढं केला. ओंजळ नाही, हात. तांब्या घेतला, आधी भावाला पाजलं, मग मला. मग स्वतः प्यायली ती तांब्याला तोंड लावून. आमच्या घरातसुद्धा असं कोणी पीत नसे. राहिलेलं पाणी तिनं त्या बाईला परत दिलं. बाईनं एकदा आईकडं पाहिलं, आणि उरलेलं घोटभर पाणी तसंच तोंड लावून पिऊन टाकलं.

आम्ही त्या झोपड्यांपाशी आठवडाभर राहिलो. चुलत्यानं तिथून पाण्याच्या कळशा नेऊन रेडिएटर भरला, गाडी तिथवर आली. आईनं बांगड्यांच्या मटणाची गोष्ट सांगितल्यावर ती बाई हसून हसून वाळूवर बसली. मग तिनं मासा कसा नुसता चुलीला दाखवायचा आणि उतरवायचा ते शिकवलं. आईनं तिला भाकरी थापायला शिकवली. शिंपल्यातल्या तिसऱ्या, मांदेली, कोळंबी, रोज काहीतरी नवं ताटात. चुलता तर निघताना रडकुंडीला आला होता.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा निघालो तेव्हा वडिलांनी पिंपाला नवी तोटी बसवली होती. आईनं पिंप गाडीवरून काढायला लावलं आणि त्यात ज्वारी भरली. आता पिंप न्यायचं नाही, म्हणाली, लागलं तिथं मागायचं, आणि कोण ते आधी सांगायचं. नाही म्हणाले तर गाडी पुढं. आमच्या घराला चाकं होती, अडायचं काय होतं?

पण त्या पोफळीच्या वाडीपाशी तिनं गाडी मुद्दाम थांबवली. एकटी आत गेली. मालक ओट्यावर होते. पाणी नको आहे, आई म्हणाली, नुसतं सांगायला आलेय, आमी बौद्ध हाय. आणि परत येऊन गाडीत बसली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. चुलता या भेटीला हजेरी म्हणायचा. मालक खाली बघायचे. मी मोठी होत गेले तशी मीही तिच्याबरोबर आत जायला लागले आणि तिच्या शेजारी उभी राहायला लागले.

मग एका वर्षी आम्ही वाडीत शिरलो तेव्हा आईनं तोंड उघडायच्या आत मालक उठले. ते थकले होते, काठी घेऊन चालत होते. त्यांनी बादली विहिरीच्या काठावर आणून ठेवली, दोर तिच्यात टाकला, आणि ते घरात निघून गेले. दार मात्र त्यांनी लावलं नाही.

आई काठावर चढली. सावकाश पाणी ओढलं. बादली माझ्याकडं दिली आणि कलती कर म्हणाली. मी कलती केली. आईनं माझ्या हाताखाली ओंजळ धरली आणि पोटभर प्यायली. मग पदरानं तोंड पुसत उघड्या दाराकडं बघून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मचूळ हाय."